हीटर प्लग: थंडीत डिझेल पेटवण्याची सव्वाशे वर्षं

सैन्यातल्या कुठल्याही एमटी पार्कात जा, जैसलमेर असो की द्रास, 'ग्लो प्लग' हा शब्द फक्त मॅन्युअलात आणि इंडेंटवर सापडतो. ड्रायव्हरच्या तोंडी तो 'हीटर' असतो. आमच्या साताऱ्याकडे वडाप जीप चालवणारेही हाच शब्द वापरतात. "हीटर दे, मग सेल्फ मार." वस्तू तशी पेन्सिलीच्या तुकड्याएवढी. पण थंड प्रदेशात लहान डिझेल गाडी सकाळी चालू होणार की नाही, हे बऱ्याचदा या तुकड्यावरच ठरतं.

सप्टेंबर संपत आला की उत्तरेकडच्या सगळ्या युनिटांत गाड्यांना हिवाळ्यासाठी तयार करण्याचं काम सुरू होतं. कूलंटमध्ये अँटिफ्रीझ, हलकं इंजिन ऑइल, बॅटऱ्यांची तपासणी, चाकांच्या साखळ्या, आणि त्याच यादीत हीटर प्लगची टेस्ट. १५ ऑक्टोबरचा ईएमई दिवस उजाडायच्या आत हे आटोपलेलं बरं, असं आमच्या वर्कशॉपमध्ये मानतात. या कामाला लागलेली नवी क्राफ्ट्समन पोरं दरवर्षी एक प्रश्न हमखास विचारतात. "उस्ताद, डिझेलला ठिणगी लागत नाही ना? मग हा प्लग कशाला?"

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर देताना मी पोरांना थोडा इतिहास सांगतो. तोच इथे जरा सविस्तर लिहितो.

ठिणगीशिवाय आग

सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम होतं, हे आपण सगळ्यांनी लहानपणी अनुभवलंय. हवा दाबली की ती तापते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने हीच गोष्ट टोकाला नेली. सिलिंडरमधली हवा इतकी दाबायची की ती स्वतःच लालबुंद लोखंडासारखी तापेल, आणि मग तिच्यात इंधन सोडायचं. बाहेरून ठिणगी द्यायची गरजच उरणार नाही. त्याने १८९२ साली पेटंटसाठी अर्ज केला, आउग्सबुर्गच्या कारखान्यात १८९३ पासून प्रयोग केले, आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये प्राध्यापक श्रोटर यांनी त्याच्या इंजिनाची रीतसर चाचणी घेतली. इंधनातल्या उष्णतेपैकी सुमारे २६ टक्के उष्णतेचं काम होत होतं. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांच्या मानाने हा आकडा थक्क करणारा होता. तो आउग्सबुर्गचा कारखाना पुढे 'मान' कंपनीचा भाग झाला, आणि त्याच मानच्या परवान्यावर १९५९ पासून जबलपूरला आपला शक्तिमान ट्रक बनू लागला. शक्तिमान चालवलेल्या जुन्या मंडळींना हे नातं ठाऊक असेलच.

पण डिझेलच्या कल्पनेत एक गोम होती. दाबलेली हवा किती तापेल, हे ती मुळात किती गार होती यावर अवलंबून असतं. थोडा हिशोब करू. हवा वीस पट दाबणारं इंजिन घ्या. बाहेर ३० अंश सेल्सिअस असेल आणि उष्णता अजिबात वाया जात नाही असं धरलं, तर कागदावर हवा ७३० अंशांपर्यंत जाते. बाहेर उणे २० असेल तर ५६५ पर्यंत. डिझेल साधारण सव्वादोनशे अंशांच्या आसपास आपोआप पेट घेतं, म्हणजे दोन्ही वेळा भरपूर झालं. मग अडचण कुठे?

अडचण अशी की कागदावरचं इंजिन गळत नाही आणि गार पडत नाही. खरं इंजिन थंडीत जड होतं. तेल घट्ट, बॅटरीची ताकद निम्म्याहून कमी, त्यामुळे सेल्फ इंजिनाला रडतरखडत फिरवतो. पिस्टन हळू वर येतो, तेवढ्या वेळात रिंगांच्या फटीतून हवा निसटते आणि उरलेली हवा आपली ऊब गार भिंतींना देऊन टाकते. ही गळती हिशोबात घेतली की ३० अंशांच्या दिवशी हवा पावणेतीनशेच्या घरात पोचते, आणि उणे २० ला जेमतेम १९० च्या आत राहते. पहिल्या वेळी डिझेल पेटतं. दुसऱ्या वेळी सायलेन्सरमधून नुसता पांढरा धूर येतो. तो धूर म्हणजे न जळलेलं डिझेल.

तेव्हा "डिझेलला ठिणगी लागत नाही" हे वाक्य चालू झालेल्या, गरम इंजिनाबद्दल शंभर टक्के खरं आहे. गार इंजिनाला उष्णता कुठून तरी द्यावीच लागते. ती कशी द्यायची, याच शोधाचा हा इतिहास.

बत्ती, कागद आणि काडतूस

पहिला उपाय अगदी सरळ होता: बाहेरून भट्टी लावा. डिझेलच्याही आधी, १८९० च्या सुमारास, हर्बर्ट अॅक्रॉइड स्टुअर्ट या इंग्रज माणसाने एक तेलाचं इंजिन काढलं आणि ग्रँथमच्या हॉर्न्सबी कारखान्याने ते बाजारात आणलं. त्याच्या सिलिंडरला लागून एक लोखंडी फुगा असे. चालू करण्याआधी ब्लोलॅम्पची ज्योत त्या फुग्यावर काही मिनिटं धरायची. फुगा तापला की इंजिन फिरवायचं, आणि एकदा चालू झालं की प्रत्येक स्फोटाने फुगा आपोआप गरम राहायचा. जर्मनीतला १९२१ चा लांत्स बुलडॉग ट्रॅक्टर याच जातीचा. शेतकरी सकाळी आधी बत्ती पेटवायचा, मग न्याहारी, मग ट्रॅक्टर.

दुसरा उपाय आणखी गमतीचा. सोऱ्याच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदाची गुंडाळी पेटवून धुमसत ठेवायची, एका बोल्टच्या टोकाला खोचायची आणि तो बोल्ट थेट सिलिंडर हेडमध्ये आवळायचा. इंग्लंडच्या फील्ड मार्शल ट्रॅक्टरला असा कागद लागायचा, आणि तेवढ्यावर भागलं नाही तर इंजिन फिरवायला बारुदाचं काडतूसही होतं. हातोड्याने ठोकायचं, धडाम आवाज, आणि इंजिन चालू. तोफखान्यातल्या वाचकांना हे इंजिन आवडलं असतं.

महाराष्ट्रात आपण हे वेगळ्या रूपात पाहिलंय. शंतनुराव किर्लोस्करांच्या काळात, १९४६ साली, किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी उभी राहिली आणि खडकीच्या कारखान्यातून निघालेली इंजिनं गावोगावच्या विहिरींवर बसली. त्या इंजिनाला ना बॅटरी, ना सेल्फ, ना हीटर. डीकॉम्प्रेशनचा खटका उचलायचा म्हणजे दाब सुटतो, हँडल मारून फ्लायव्हीलला गती द्यायची, आणि खटका पाडायचा. जड चाकात साठलेली गती पिस्टनला एका दमात वर ढकलते, हवा निसटायला वेळच मिळत नाही. वर सांगितलेल्या गळतीवर हे अस्सल उत्तर होतं. पौषातल्या पहाटे तरीही इंजिन ऐकलं नाही तर पाण्याच्या टाकीत कढत पाणी ओतायचं. माझ्या वयाच्या गावाकडच्या प्रत्येकाने हे पाहिलेलं आहे, फक्त त्यामागचं कारण कोणी सांगितलं नव्हतं.

प्लग कसा आला

मोटारीत ब्लोलॅम्प घेऊन फिरता येत नाही, आणि हँडल मारून चार सिलिंडर फिरवणंही अवघड. मोटारीत डिझेल बसवायचं तर दोन अडथळे होते. पहिला, डिझेलच्या मूळ इंजिनात इंधन उडवायला दाबाच्या हवेचा मोठा कॉम्प्रेसर लागायचा. त्यावर बेन्झ कंपनीच्या प्रॉस्पर लॉरांजने १९०९ साली पूर्वकक्षाचं पेटंट घेतलं. मुख्य सिलिंडरच्या डोक्यावर एक लहान खोली. इंधन आधी त्या खोलीत पेटतं आणि तिथून ज्वाळा मुख्य सिलिंडरमध्ये झेपावते. दुसरा अडथळा होता लहान, नेमक्या मापाच्या पंपाचा. बॉशने १९२७ पासून डिझेल पंपाचं मोठ्या प्रमाणात उत्पादन सुरू केलं आणि तोही दूर झाला.

पूर्वकक्षामुळे इंजिन मऊ चालू लागलं, पण थंडीत आणखी हट्टी झालं. लहान खोलीला भिंती फार. दाबलेल्या हवेची ऊब त्या भिंती आधीच शोषून घेतात. म्हणून त्या खोलीतच विजेवर तापणारी एक तार बसवली गेली. बॅटरीचा प्रवाह सोडला की तार लाल होते, इंधनाचा फवारा तिच्याजवळून जातो आणि पेट घेतो. हाच ग्लो प्लग. १९३६ च्या बर्लिनच्या प्रदर्शनात मर्सिडीझने २६० डी ही मोटार मांडली. मालिकेत बनलेली ही पहिलीच म्हणावी अशी डिझेल मोटार. ४५ अश्वशक्तीचं इंजिन, पूर्वकक्ष, आणि चालू करण्याआधी प्लग तापवण्याची सोय. ती टॅक्सीवाल्यांनी उचलून धरली.

या घराण्याची एक शाखा पुण्याजवळ आकुर्डीत आली. बजाज टेम्पोच्या ट्रॅक्स आणि ट्रॅव्हलरमध्ये मर्सिडीझच्या ओएम ६१६ जातीचं पूर्वकक्षाचं इंजिन होतं. महिंद्राच्या जीपमध्ये प्यूजोच्या परवान्याचं डिझेल इंजिन आलं, त्याच्याही डोक्यावर लहान कक्ष आणि त्यात हीटर. वडाप जीपच्या डॅशबोर्डवर जे 'हीटर'चं बटण असायचं, त्याचा वंश असा श्टुटगार्टपर्यंत जातो.

मोठ्या ट्रकांचं गणित निराळं. त्यांच्यात इंधन थेट पिस्टनच्या खड्ड्यात उडवतात, भिंती कमी, सिलिंडर मोठा, त्यामुळे बहुतेकांना प्रत्येक सिलिंडरमध्ये प्लग लागत नाही. अतिथंडीसाठी त्यांच्या हवेच्या वाटेवर तापणारी जाळी किंवा छोटी ज्योत बसवतात. म्हणून प्लगची टेस्ट हा मुख्यतः जीप, रुग्णवाहिका, लहान गाड्या आणि काही जनरेटरांचा विषय आहे. पण नेमक्या याच गाड्यांची गरज रात्री-अपरात्री लागते.

लढाई आणि थंडी

१९४१ च्या हिवाळ्यात मॉस्कोसमोर जर्मन सैन्याच्या गाड्या गोठल्या. त्यांचे रणगाडे पेट्रोलचे होते, म्हणजे ठिणगीचे. तरीही तेल इतकं घट्ट झालं की इंजिनं फिरेनात, आणि सैनिकांनी रणगाड्यांच्या पोटाखाली आगी पेटवल्या. समोर रशियाचा टी-३४ डिझेलवर चालत होता. त्यात ग्लो प्लग नव्हता. त्याच्या व्ही-२ इंजिनासाठी दाबलेल्या हवेच्या बाटल्या होत्या. बॅटरी मेली तरी त्या हवेच्या धक्क्याने इंजिन फिरायचं. आपला टी-७२ याच इंजिनाच्या वंशातला, आणि त्यातही हवेने चालू करण्याची सोय आहे. जोडीला कूलंट तापवणारा हीटर. आर्मर्डमधल्या वाचकांना हवेची बाटली भरलेली आहे की नाही हे पाहण्याची सवय अंगवळणी पडलेली असेल. तिचं मूळ मॉस्कोच्या त्या हिवाळ्यात आणि त्याआधीच्या रशियन शहाणपणात आहे.

आपल्याकडे उंचीवर यंत्रं नेण्याची परंपरा जुनी. १ नोव्हेंबर १९४८ ला जनरल थिमय्यांनी ७ कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे झोजी लावर चढवले. ऑक्टोबर १९६२ च्या अखेरीस २० लान्सर्सचे एएमएक्स-१३ रणगाडे एएन-१२ विमानांतून चुशूलला उतरवले गेले, सुमारे ४३०० मीटर उंचीवर. एएमएक्स-१३ पेट्रोलचा होता. आपल्या जोंगा आणि निस्सान वन-टन गाड्याही वर्षानुवर्षं पेट्रोलच्याच. जुने ड्रायव्हर अजून सांगतात की थंडीत जोंगाइतकी लवकर कुठलीच गाडी जागी व्हायची नाही. त्यांचं म्हणणं खरं आहे. पेट्रोल थंडीतही वाफ होतं आणि ठिणगी आपलं काम करते. पण पेट्रोल जास्त पीत होतं, भडकायला सोपं होतं, आणि दोन तऱ्हेचं इंधन डोंगरावर पोचवणं हा पुरवठ्याला दुप्पट ताप. हळूहळू लहान गाड्याही डिझेलवर आल्या. तेव्हा थंडीत इंजिन जागं करण्याचा प्रश्न खालच्या वर्कशॉपांच्या अंगावर आला.

त्यात डिझेलचं स्वतःचं एक दुखणं. त्यात मेण असतं. गारठा वाढला की आधी डिझेल धुरकट दिसतं, मग फिल्टरच्या कागदावर मेण बसतं, आणि शेवटी ते वाहायचंच थांबतं. देशातल्या साध्या हिवाळी डिझेलचं माप मैदानी थंडीसाठी आहे, लडाखसाठी नाही. म्हणून मनाली-लेह रस्त्यावरचे ट्रकवाले टाकीत रॉकेल मिसळायचे, टाकीखाली चिंध्या पेटवायचे. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी पानिपत रिफायनरीत बनवलेलं खास हिवाळी डिझेल आणलं. ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं. ही फार मोठी सोय झाली. पण डिझेल वाहतं राहिलं म्हणजे पेटलंच असं नाही. पेटवायचं काम हीटरचंच.

टेस्ट: दिवा, ओहम, अँपिअर, डोळा

आता मूळ कामाकडे येतो. प्लग दोन पिढ्यांचे. जुने उघड्या तारेचे आणि एकामागे एक जोडलेले, दिवाळीच्या जुन्या लायटिंगच्या माळेसारखे. एक गेला की सगळे बंद. मर्सिडीझच्या इंजिनात ही पद्धत सुमारे १९८० पर्यंत होती. त्यात दोष लगेच कळायचा, कारण गाडी चालूच व्हायची नाही. नंतरचे प्लग पोलादी नळीतले. आत तारेची गुंडाळी, भोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली, आणि सगळे एका पट्टीला समांतर जोडलेले. यातला एक मेला तरी बाकीचे तीन काम करतात. गाडी थोडी खोकते, धूर सोडते, पण चालू होते. म्हणजे नव्या पद्धतीत दोष लपतो. टेस्टची गरज यामुळे वाढली.

माझ्या उस्तादांनी चार पायऱ्या शिकवल्या, त्याच मी पोरांना शिकवतो.

पहिली पायरी दिव्याची. प्लगवरची पट्टी काढायची, नाहीतर एका प्लगचा प्रवाह दुसऱ्यातून फिरून फसवतो. मग टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं प्लगच्या टोकाला. दिवा लागला तर आतली तार तुटलेली नाही. नाही लागला तर प्लग गेला.

पण दिवा लागला म्हणजे प्लग चांगला, असं समजून थांबायचं नाही. आतून शॉर्ट झालेला प्लगही दिवा झकास पेटवतो. म्हणून दुसरी पायरी मल्टिमीटरची. चांगल्या बारा व्होल्टी प्लगचा रोध एका ओहमच्या आसपास असतो, काहींचा अर्धा, काहींचा दीड. इतक्या कमी मापात मीटरच्या वायरींचा स्वतःचा रोधही मोजला जातो. तेव्हा आधी दोन टोकं एकमेकांना लावून येणारा आकडा लिहून ठेवायचा आणि तो वजा करायचा. आकड्यापेक्षा तुलना महत्त्वाची. चार भावांत एक वेगळा दिसला की त्याला बाजूला घ्यायचं.

या पायरीने एकदा आमची मोठी अडचण टाळली. एका पुरवठादाराकडून आलेल्या खेपेत डब्यावर बारा व्होल्ट लिहिलेलं, आत मात्र चोवीस व्होल्टचे प्लग. सैन्यात दोन्ही व्होल्टच्या गाड्या असतात, त्यामुळे अशी सरमिसळ घातक ठरते. दिव्याच्या टेस्टमध्ये सगळे पास झाले. मीटरवर रोध साधारण चौपट आला. चौपट रोध म्हणजे बारा व्होल्टवर उष्णता एक चतुर्थांश. असे प्लग बसवले असते तर ते कोमट झाले असते आणि हिवाळाभर आम्ही बॅटरीला शिव्या घातल्या असत्या.

तिसरी पायरी प्रवाहाची. बारा व्होल्ट आणि एक ओहम म्हणजे बारा अँपिअर. चार प्लगांचे अठ्ठेचाळीस. पट्टीकडे जाणाऱ्या वायरीवर क्लॅम्प मीटर लावून हीटर द्यायचा. सुरुवातीला प्रवाह जास्त असतो, प्लग तापतो तसा काही सेकंदांत उतरतो. एकूण आकडा पाऊण भरला तर चारातला एक मेलेला. काहीच आला नाही तर प्लगांना दोष देण्याआधी रिले, फ्यूजची पट्टी आणि टायमर बघायचा. हीटर देताना प्लगच्या टोकावर व्होल्टही मोजायचे. बॅटरीवर साडेबारा आणि प्लगवर नऊ दिसले तर मधे कुठेतरी गंजलेला जोड आहे.

चौथी पायरी डोळ्याची. प्लग काढून बघायचा. इंजिन कोमट असताना, गंजावर तेल सोडून, हळू हाताने. गार इंजिनात जोर लावला की प्लग हेडमध्येच तुटतो, आणि मग पाच मिनिटांच्या कामासाठी हेड उतरवावं लागतं. काढलेल्या प्लगची बॉडी जाड वायरीने मायनसला, टोक प्लसला. पकडीत धरायचा, हाताने नाही, आणि आसपास इंधनाचा डबा नको. चांगला प्लग काही सेकंदांत शेंड्यापासून लाल होतो. मधूनच लाल झाला आणि शेंडा काळा राहिला, तर त्याचं आयुष्य संपलंय. शेंडा वितळलेला किंवा फुगलेला दिसला तर प्लगचा दोष नाही. तिथला इंजेक्टर ठिबकतोय, तो आधी काढा. रिकाम्या भोकात कॉम्प्रेशन गेजही बसतो. म्हणजे एका प्लगच्या निमित्ताने अख्ख्या सिलिंडरची तब्येत कळते.

हे सगळं कशासाठी

काही वर्षांपूर्वी मी एका उंचावरच्या पोस्टिंगवर होतो. जागा आणि युनिट लिहीत नाही. ऑक्टोबरच्या तपासणीत रुग्णवाहिकेचे चारपैकी दोन प्लग मेलेले निघाले. ड्रायव्हरला पटेना. गाडी रोज सकाळी नऊला अर्ध्या सेल्फमध्ये चालू व्हायची, तक्रार कसलीच नव्हती. उन्हात उभी गाडी दोन प्लगांवर चालू होणारच. आम्ही दोन्ही बदलले आणि रजिस्टरला नोंद केली.

जानेवारीत एका रात्री अडीच वाजता मैदानातून नुकत्याच आलेल्या एका जवानाला श्वास लागला. छातीत खरखर, ओठ निळे. डॉक्टर साहेबांनी हापो सांगितलं, म्हणजे उंचीमुळे फुप्फुसांत पाणी भरणं. ऑक्सिजन लावला, पण खरं औषध एकच, खाली उतरवणं. रात्री हेलिकॉप्टर येणार नव्हतं. बॅटरी बंकरमध्ये बुखारीजवळ ठेवलेली होती, ती धावत आणून जोडली. ड्रायव्हरने हीटर दिला, थांबला, पुन्हा दिला. दुसऱ्या सेल्फला इंजिन धरलं. जवान पहाटेपर्यंत खालच्या रुग्णालयात पोचला आणि वाचला. नंतर तो ड्रायव्हर प्लगबद्दल माझ्याशी काही बोलला नाही. पण पुढच्या ऑक्टोबरात त्याने स्वतःची गाडी सगळ्यात आधी वर्कशॉपला लावली.

याला दुसरे मार्ग आहेत, आणि ते आपण सगळ्यांनी वापरलेत. रात्रभर दर दोन तासांनी इंजिन चालू करायचं. त्यात डिझेल जातं, आणि तिथल्या प्रत्येक जरिकॅनमागे कुणाचा तरी घाटातला प्रवास असतो. ऑइल संपखाली निखाऱ्यांचं घमेलं सरकवायचं. त्यात गाडी पेटण्याची भीती, आणि अर्धा तास जातो. श्वास लागलेल्या माणसाकडे तो अर्धा तास नसतो. दीडशे वॅटचा, मूठभर खर्चाचा प्लग हेच काम अर्ध्या मिनिटात करतो. अट एकच, तो जिवंत आहे हे आधी पाहिलेलं असावं.

आता काय बदललं

आजच्या कॉमन रेल गाड्यांत कक्ष नाही, इंधन थेट सिलिंडरमध्ये जातं. तरी लहान इंजिनांत प्लग आहेच, आणि इंजिन चालू झाल्यावरही काही वेळ तो तापत राहतो, धूर आणि खडखड कमी व्हावी म्हणून. १९८० च्या दशकात जपानमधून सिरॅमिकचे प्लग आले. ते झपाट्याने तापतात आणि जास्त गरम होतात. प्रत्येक प्लगवर नजर ठेवणारं कंट्रोल युनिट असतं आणि कुठला मेला ते स्कॅनर सांगतो.

इथे जुन्या हातांनी सावध राहायचं. नव्या प्लगांपैकी बरेच सात किंवा पाच व्होल्टचे असतात. त्यांना थेट बारा व्होल्टची बॅटरी लावून 'लाल होतो का' बघायला गेलं की प्लग जागेवर जळतो. सिरॅमिकचा प्लग हातातून पडला तर दिसायला अखंड, पण आत तडा. तो पुन्हा बसवायचा नाही. आतला तुकडा सिलिंडरमध्ये पडला तर पिस्टन खातो. प्लगवर कोरलेलं व्होल्टेज आधी वाचायचं, मग टेस्ट.

मग पोरांना दिवा आणि मीटर शिकवायचंच कशाला? सैन्यात गाडी वीस-वीस वर्षं चालते. नव्या गाडीशेजारी जुनी उभी असते, आणि स्कॅनर एकच असतो, तोही खालच्या वर्कशॉपला. शिवाय स्कॅनर प्लगचा दोष सांगतो, पण रिलेचा गंजलेला जोड त्याला प्रत्येक वेळी कळतोच असं नाही. म्हणून माझ्याकडे आलेला प्रत्येक क्राफ्ट्समन आधी चार पायऱ्या हाताने करतो, मग स्कॅनर हातात घेतो.

निवृत्त होऊन गावी जुनी डिझेल जीप किंवा ट्रॅक्स बाळगणाऱ्या वाचकांसाठी एवढंच. सकाळी पहिल्या मिनिटाला पांढरा धूर आणि एका सिलिंडरचा खडखडाट होत असेल, तर इंजिन बांधायला टाकण्याआधी पट्टी काढा आणि चारही प्लगांचा रोध मोजा. मीटर नसेल तर जवळच्या बॅटरीवाल्याकडे असतो. प्लग बदलायचाच झाला तर चारही एकदम बदला आणि डब्यावर नाही, प्लगवर कोरलेलं व्होल्टेज वाचून घ्या.

जय हिंद.